बाळाच्या लशीची तारीख ठरते, मग आईच्या पाळणा लांबवण्याची का नाही?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक सासू सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. सुनेच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ. आधारकार्डावर वय 19. तक्रार काय, तर "कामाला उठत नाही, दम लागतो, सारखी झोपून राहते." डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत पांढरंफटक. हिमोग्लोबिन निघालं 6.9. निरोगी बाईत ते 12च्या वर असायला हवं.

पाळीबद्दल विचारलं. "बाळंतपणानंतर आलीच नाही," सासूबाईंनी उत्तर दिलं. "अंगावर पाजतेय ना." लघवीची तपासणी केली, मग सोनोग्राफीला पाठवलं. सोळा आठवड्यांचा गर्भ होता.

तिला हे समजलं तेव्हा ती रडली नाही. बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "पण पाळीच आली नाही, तर दिवस कसे राहिले?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर तिला आधीच मिळायला हवं होतं. मला बोचलं ते वेगळंच. मी जुना केसपेपर काढून पाहिला. सहा महिन्यांपूर्वी, बाळ चार महिन्यांचं असताना, ती तापासाठी माझ्याकडेच येऊन गेली होती. मी ताप तपासला, दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधं दिली, बाळाच्या लशी झाल्या का तेही विचारलं. पुढचं मूल कधी हवं, त्यासाठी काही वापरता का, हे दोन प्रश्न मात्र विचारले नाहीत. त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नसतं.

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात, शेजारी किंवा नात्यात अशी कोवळ्या वयाची आई आहे, त्या सगळ्यांसाठी.

अशा मुली किती?

आपल्याला वाटतं, आता जमाना बदलला. काही अंशी बदललाही. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे साडेसात टक्के सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे शंभरात सात-आठ. आमच्या मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे जास्त दिसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल मिळते ती कोयत्यावर, त्यामुळे मुलाचं लग्न लवकर उरकलं जातं. मुलीला एकटं मागे ठेवायची धास्ती असते, म्हणून तिचंही उरकलं जातं.

ही लग्नं थांबली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जी मुलगी आज आई होऊन बसली आहे, तिला "लग्न लवकर करायला नको होतं" असं सांगून काय मिळणार? तिच्यापुढचा प्रश्न पुढच्या बाळंतपणाचा आहे.

दोन बाळंतपणांत अंतर का हवं?

सतरा-अठराव्या वर्षी मुलीचं स्वतःचं शरीर अजून भरत असतं. भारतात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे. अशा शरीराने पहिलं बाळंतपण निभावलेलं असतं. गरोदरपणात लोह बाळाकडे जातं, बाळंतपणात रक्त जातं, मग अंगावर पाजणं सुरू होतं. हा खड्डा भरून यायला वेळ लागतो. तो भरायच्या आत पुन्हा दिवस राहिले तर रक्तक्षय वाढतो, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते आणि बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेतू शकतो.

पहिल्या बाळाचंही नुकसान होतं. "पोटुशी बाईचं दूध नासतं" या समजुतीने त्याचं दूध तोडतात. दूध नासत नाही. पण तोडल्यावर त्या बाळाला पोटभर काय मिळतं, ते वजनाच्या तक्त्यावर दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान 24 महिन्यांनी व्हावी. गर्भधारणा दोन वर्षांनी म्हणजे दोन मुलांच्या वयात जवळजवळ तीन वर्षांचं अंतर. गर्भपात झाला असेल तर किमान सहा महिने थांबावं.

"दुसरं झालं की ऑपरेशन करू"

त्या सासूबाईही मला हेच म्हणाल्या. आपल्याकडे कुटुंब नियोजन म्हणजे ऑपरेशन, हे समीकरण घट्ट बसलंय. पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली होती. तांबी वापरणाऱ्या दोन टक्क्यांच्या आसपास, इंजेक्शन घेणाऱ्या एक टक्कासुद्धा नाहीत. याचा अर्थ आपण पाळणा थांबवायला शिकलो, पण लांबवायला नाही.

आता हिशेब करा. सरकारी नियमाप्रमाणे स्त्रीची नसबंदी करायची तर तिचं वय किमान 22 हवं आणि एक मूल वर्षाच्या पुढचं हवं. हा नियम योग्यच आहे. कोवळ्या वयात कायमचा निर्णय घेतल्यावर पश्चात्ताप होणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीला 22 वर्षांची व्हायला पाच वर्षं असतात. या पाच वर्षांत काय करायचं, हे तिला कुणी सांगत नाही. आणि जे कुणी सांगत नाही, ते आपोआप होतं. दुसरं, कधी तिसरंही.

मी त्या सासूबाईंना म्हटलं, "मावशी, दुसरं बाळंतपण होईल तेव्हाही ही एकोणिसाचीच असेल. ऑपरेशन बाविशीच्या आत होत नाही. मधली दोन-अडीच वर्षं काय करायचं?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही की."

पाळी न येता दिवस कसे राहतात?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. स्त्रीबीज आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. बाळाला अंगावर पाजत नसेल, तर बाळंतपणानंतर महिन्याभरातसुद्धा बीज तयार होऊ शकतं.

अंगावर पाजल्याने संरक्षण मिळतं हे खरं आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला फक्त आईचंच दूध, तेही दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा मिळायला हवं; पाणी, गुटी, वरचं दूध, भाताची पेज काहीही नको. आणि पाळी परत आलेली नसावी. यातली एकही अट मोडली की भरवसा संपला. आई कामावर गेली आणि आजीने वाटीभर दूध पाजलं, तरी अट मोडते. माझ्या रुग्णाचं बाळ सहा महिन्यांचं झालं, पेज सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दिवस राहिले.

साधनं कोणती? कोवळ्या आईला कोणतं चालतं?

खाली दिलेली जवळपास सगळी साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वय कमी आहे म्हणून यातलं कुठलंही साधन आपोआप बाद होत नाही.

*तांबी (कॉपर-टी).* बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, दवाखान्यातून घरी जायच्या आधीच बसवता येते. ती वेळ हुकली तर साधारण सहा आठवड्यांनी. प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं चालते, मूल हवं झालं की काढता येते, दुधावर काही परिणाम होत नाही. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी काही जणींत निसटते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे रक्त फार कमी असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावं.

*छाया गोळी.* हिच्यात हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेलं हे आपल्या देशातलं औषध. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. वार ठरवून घेतले की विसरत नाही. दूध पाजताना चालते. काही जणींची पाळी लांबते किंवा कमी जाते. रक्तक्षय असलेल्या मुलीला त्याचा फायदाच होतो.

*अंतरा इंजेक्शन.* दर तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजत असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करतात. दूध आटत नाही. पाळी अनियमित होते, कधी बंद होते. "घाण रक्त आत साठतं" ही भीती खोटी आहे. अस्तर तयारच कमी होतं, मग साठणार काय? इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, हे मात्र आधी सांगायला हवं. नाहीतर "इंजेक्शनने वांझ झाली" अशी बोंब होते. हाडांची घनता थोडी कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर बरीचशी भरून येते. अठराच्या आतल्या मुलीत याचा विचार करून निर्णय घेतात.

*माला-एन आणि तत्सम रोजच्या गोळ्या.* चांगल्या आहेत, पण दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने देत नाहीत. रोज आठवणीने घ्याव्या लागतात.

*निरोध.* गर्भ आणि गुप्तरोग, एचआयव्ही या दोन्हींपासून वाचवणारं हे एकच साधन. प्रत्येक वेळी वापरलं तरच उपयोग. शिवाय यात जबाबदारी नवऱ्याकडे येते, आणि तसं व्हायलाच हवं.

*दंडात बसवायची कांडी (इम्प्लांट).* तीन वर्षं काम करते आणि खूप खात्रीची आहे. सरकारी कार्यक्रमात ती अलीकडे काही जिल्ह्यांतच सुरू झाली आहे. तुमच्याकडे मिळते का, विचारा.

*तातडीची गोळी.* संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ही नेहमीच्या वापराची गोळी नाही.

कोणतं निवडायचं?

पुस्तकात सगळ्यात परिणामकारक साधन वर लिहिलेलं असतं. मी मात्र आधी विचारतो, "तीन महिन्यांनी तू कुठे असशील?" ऊसतोडीला जाणारी मुलगी दिवाळीच्या आसपास गाव सोडते ती उन्हाळ्यात परतते. अंतराचा पहिला डोस गावच्या उपकेंद्रात घेतला आणि दुसऱ्याची तारीख आली तेव्हा ती दोनशे किलोमीटरवर फडात असेल, तर काय उपयोग? अशा मुलीला एकदा बसवून मोकळं होता येईल अशी तांबी किंवा गाठोड्यात बांधून नेता येईल अशी छाया बरी पडते. अंतराच घ्यायचं असेल तर तिचं कार्ड सोबत द्यायचं. ते कोणत्याही सरकारी केंद्रात दाखवता येतं आणि ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत डोस घेता येतो.

दुसरा प्रश्न, "घरात कुणाला माहीत असलेलं चालेल?" काही मुलींना गोळ्यांचं पाकीट लपवायला जागा नसते. तिसरा, "रक्त किती आहे?" या तीन उत्तरांवरून निवड बरीचशी ठरते. शेवटचा शब्द मात्र त्या मुलीचा. आमच्या आवडीचं साधन तिच्या गळ्यात मारलं, तर ती पुढच्या महिन्यात ते सोडून देते आणि पुन्हा आमच्याकडे फिरकत नाही.

कायद्याचं काय?

हे टाळून चालणार नाही. मुलगी अठराच्या आत असेल तर, लग्न झालेलं असो वा नसो, पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीने घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत किंवा वय वाढवून सांगतात. माझी विनंती आहे, वय खोटं सांगू नका. वयावर तपासण्या, धोके आणि साधनाची निवड अवलंबून असते. कळवणं हे माझं कर्तव्य आहे, पण त्यामुळे तिचा उपचार किंवा सल्ला अडत नाही आणि अडता कामा नये. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मुलगी उपचारापासून दूर राहू नये हाच त्यामागचा विचार.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीला तांबी, गोळी किंवा इंजेक्शन घेण्यासाठी नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरते.

काही जण मला विचारतात, "अशा मुलींना साधनं द्यायची म्हणजे बालविवाहाला मान्यता नाही का?" मी म्हणतो, बालविवाह होत असेल तर 1098 वर फोन करा, लग्न थांबवा. पण झालेल्या लग्नाची शिक्षा त्या मुलीच्या शरीराला देऊ नका. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हाही नीतीची ओरड झाली होती. शंभर वर्षं उलटली, तरी आपण तोच आक्षेप नव्या शब्दांत घेतोय.

शिकवायचं कधी आणि कुणाला?

माझं मत स्पष्ट आहे: बाळंतपणानंतर सांगणं म्हणजे उशीर. बाळंतपणाच्या कळा ओसरलेल्या नसताना, बाळ रडत असताना, "तांबी बसवू का?" असं विचारलं तर कुठलीही मुलगी आईकडे बघणार आणि आई नको म्हणणार. हे बोलणं सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीत व्हायला हवं. निर्णय तेव्हाच घेऊन कार्डावर लिहून ठेवता येतो.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. आशाताई सासरची आणि बाळंतीण माहेरी, त्यामुळे ती दोन्हीकडच्या यादीतून सुटते. म्हणून एक सोपी गोष्ट करा. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतिणीला देवाला नेता ना? जवळपास त्याच सुमाराला, दीड महिन्याला, बाळाची लस असते. त्या दिवशी बाळासोबत आईचीही तपासणी करून घ्या आणि साधन सुरू करूनच तिला सासरी पाठवा. लशीचं कार्ड आपण जपून ठेवतो. त्याच कार्डावर एका कोपऱ्यात आईचं साधन आणि पुढची तारीख लिहून घ्या.

आणि फक्त मुलीला शिकवून भागत नाही. निर्णय सासू घेते, पैसे नवऱ्याकडे असतात आणि भीती आई घालते. पण मुलीशी पाच मिनिटं एकटीने बोलणंही तितकंच गरजेचं आहे. मी सिस्टरना सांगून तिला वजन करायला आतल्या खोलीत पाठवतो. जे बाहेर सासूसमोर बोलत नाही, ते तिथे बोलते.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

कायद्याने गर्भपात करता येतो हेही तिला सांगितलं. तिने आणि घरच्यांनी मूल ठेवायचं ठरवलं. शिरेतून लोह दिलं, तरी बाळंतपणात एक बाटली रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, वजन दोन किलोच्या थोडं वर. तांबी बसवायचं आठव्या महिन्यातच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी बसवली. सहा आठवड्यांनी दोन्ही लेकरांना घेऊन ती तपासणीला आली. सोबत तिची सोळा वर्षांची धाकटी बहीण होती, दहावी पास झालेली.

"हिचं लग्न ठरवतायत," ती मला हळूच म्हणाली. "तुम्ही बोलाल का माझ्या बापाशी?"

मी बोललो. तूर्तास तरी लग्न पुढे गेलंय.

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी कोवळी आई असेल, तर बाळाच्या बारशाला जाताना झबलं-टोपडं जरूर न्या. पण तिला बाजूला घेऊन एवढंही विचारा: "पुढचं कधी हवंय? आणि तोवर काय करणार आहेस?" उत्तर आलं नाही, तर तिला घेऊन जवळच्या उपकेंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. मी सहा महिने उशीर केला. तुम्ही करू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही साधन सुरू करण्याआधी किंवा बदलण्याआधी प्रत्यक्ष तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत.)